भित्र्या मर्लचे ढग

माझी थोरली बहीण मर्ल पास्को कशाकशाला घाबरते याची यादी करायला बसलं तर पबमधला जेवणाचा फळा पुरणार नाही. ती बेडकांना घाबरते. फोन वाजला की दचकते, आणि बरेच दिवस वाजला नाही तर त्याचीही तिला धास्ती वाटते. नदीत मगरी आहेत म्हणून नदीवर जात नाही. रस्त्याने चालताना दर दहा पावलांवर मागे वळून बघते. आमच्या डॉबिन्स क्रीकमध्ये पाऊणशे माणसं राहतात, आणि "त्यातलं एकही तुझ्यामागे धावण्याइतकं तरणं उरलेलं नाही, मर्ल," असं पबवाला नेव्ह तिला तोंडावर सांगतो. मर्ल हसते आणि पुन्हा वळून बघते.

मी जॉस, तिच्याहून सात वर्षांनी लहान. मी कशालाच भीत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती मीच पसरवलेली होती. पंचवीस वर्षं मी आखाताच्या काठाने लहान विमानं चालवली. टपाल नेलं, औषधं नेली, एकदा पाय बांधलेला जिवंत बोकड नेला आणि तो वाटेत सुटला. तेव्हाही माझा हात हलला नाही. त्यामुळे भित्र्या माणसांचा मला मनापासून कंटाळा होता आणि तो मी लपवत नसे. मर्लपासून तर मुळीच नाही.

मर्लचं काम म्हणजे चादरी. पबच्या नऊ खोल्या आणि दवाखान्याच्या चार खाटा, यांचं सगळं धुणं तिच्याकडे असतं. चाळीस वर्षं ती घरामागच्या तारेपाशी तोंडात चिमटे धरून आभाळाकडे बघत उभी आहे. धुणं धुणाऱ्या बाईला आभाळ कळावंच लागतं, नाहीतर दुपारी सगळं परत पिळत बसावं लागतं. पण मर्लच्या बघण्याला आणखीही एक कारण होतं.

ती नऊ वर्षांची आणि मी दोन वर्षांची असताना एका डिसेंबरात मोठं वादळ आलं. आईने आम्हा दोघींना न्हाणीत बसवलं, लोखंडी टब आमच्यावर पालथा घातला आणि स्वतः त्याच्यावर ओणवी पडून राहिली. छप्पर गेलं, भिंती गेल्या, टब राहिला. टबाच्या तळाला पाणी जायचं भोक होतं. मर्ल एका हाताने मला आवळून, त्या भोकाला डोळा लावून पाच तास बसली होती म्हणे. मला यातलं काही आठवत नाही. मोठेपणी एकदा मी तिला विचारलं, "काय दिसत होतं गं?" तर म्हणाली, "ढग. भोकाएवढे."

कॅमेरा तिच्याकडे आला तो चादरींच्या गाठोड्यातून. खोली सोडून गेलेला एक पाहुणा तो उशीच्या अभ्र्यात विसरला. मर्लने पत्ता शोधून कळवलं, तर त्या माणसाने उलट कळवलं की मी नवा घेतलाय, तो तुम्हीच ठेवा. मर्ल आधी कॅमेऱ्यालाही घाबरली. मग एके दिवशी धुणं वाळत असताना तिने तो डोळ्याला लावला आणि ढगाकडे रोखला. संध्याकाळी माझ्याकडे आली ती लाल झालेल्या चेहऱ्याने.

"जॉस, यातून बघितलं की ढग लहान होतो."

"लहान नाही होत. तुला लहान दिसतो."

"तेच म्हणतेय मी."

तेव्हापासून तिला वेडच लागलं. नेहमीचा कापसाचा ढग तिला चालत नाही. तिला हवा असतो वेगळा. थाळीवर थाळी रचल्यासारखा एका जागी थांबून राहिलेला. कोणीतरी बशीने कापून काढल्यासारखं मध्ये गोल भोक पडलेला. खालच्या अंगाला गाईच्या सडांसारखे गोळे लोंबणारा, हा तिला आयुष्यात एकदाच मिळाला होता. असा ढग दिसला की ती ओल्या चादरी टोपलीत टाकून देते आणि कॅमेरा आणायला धावते. फोटो बिस्किटांच्या डब्यांत ठेवते आणि मागे लिहिते: "१४ मे, पबच्या बारा चादरी, माशाच्या खवल्यांचे ढग, चादरी परत धुतल्या." मी तिला अशा वेळी बघितलं आहे. गुडघे थरथरत असतात, ओठ पांढरे पडलेले असतात, आणि ती हसत असते. घाबरण्यातला तो आनंद मला कधी कळला नाही. मला वाटायचं, हिचं डोकं फिरलंय.

सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडे ग्लोरी येते. पहाटे समुद्रावरून ढगाची एक लांबच लांब वळकटी गडगडत येते, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत. तिच्यासाठी दूरदूरचे वैमानिक आपापली ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, घेऊन येतात आणि नेव्हच्या नऊ खोल्या भरतात. ती उद्या येणार की नाही हे आम्ही नेव्हच्या टेबलांवरून ठरवतो. हवेत ओल वाढली की त्याच्या जुन्या टेबलांचे कोपरे वर वळतात आणि फ्रिजच्या काचेवर दव धरतं. कोपऱ्याखाली बोट गेलं की समजायचं, उद्या लवकर उठायचं.

आणि ती येते ईशान्येकडून. यात कोणाचं दुमत नाही. पबबाहेरचा बाक ईशान्येकडे तोंड करून जमिनीत रोवलेला आहे. गाड्या ईशान्येकडे नाक करून लावतात. जुनी माणसं सांगायची की कधीकधी एखादी दक्षिणेकडूनही येते, पण ती बघितलेलं माणूस मला तरी भेटलं नव्हतं. आम्ही सगळे खुशाल दक्षिणेकडे पाठ करून बसायचो.

मर्ल ग्लोरीच्या दिवसांत पहाटे पाचला निघायची ती गावापासून बारा किलोमीटरवरच्या खाऱ्या माळावर जायची, एकटी. तिथे झाड नाही, कुंपण नाही, नुसता मिठाचा पापुद्रा आणि पश्चिमेच्या कडेला पाणी उपसायची एक जुनी विंडमिल. इतकी भित्री बाई तिथे एकटी कशी जाते, असं लोक विचारायचे. ती घाबरतच जायची. दारं आतून लावून गाडीत बसायची, ढग दिसला की खाली उतरायची आणि दाराची मूठ एका हाताने धरून फोटो काढायची. तिच्या गाडीत नेव्हने जबरदस्तीने रेडिओ बसवून दिला होता, वैमानिकांचाच. सहा वर्षांत तिने त्याचा माईक हातात घेतला नव्हता.

ही गोष्ट गेल्या ऑक्टोबरची. आदल्या संध्याकाळी टेबलांचे कोपरे चांगलेच वळले होते. पबमध्ये सगळे खुशीत होते. मर्ल धुतलेले टॉवेल द्यायला आली, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर धरलं.

"उद्या माझ्याबरोबर ग्लायडरमध्ये चल. मागची सीट रिकामी आहे. वरून बघ एकदा तुझा ढग."

"नको गं. मी खालूनच बरी."

"वीस वर्षं खालून फोटो काढतेयस. तुला वाटत नाही का एकदा तरी?"

"वाटतं ना," मर्ल म्हणाली. "खूप वाटतं. पण भीती त्याहून जास्त वाटते."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोटात दोन ग्लास बियर होती आणि समोर ऐकणारे होते.

"तू ना, तुझ्या चादरींसारखी आहेस. चिमटे लावून टांगलेली. वारा आला की नुसती फडफड, आणि जायचं कुठेच नाही."

लोक हसले. मर्लही थोडं हसली. टॉवेल मोजून नेव्हच्या हातात दिले आणि गेली. नेव्ह म्हणाला, "लागलं तिला."

"लागू दे," मी म्हणाले. हे शब्द मला नंतर बारा तासांनी आठवले.

सकाळी सहाच्या आत मी हवेत होते. माझ्या ग्लायडरला छोटं इंजिन आहे. त्याचा पंखा पाठीतून वर काढायचा, उंची गाठायची, मग इंजिन बंद करून पंखा परत मिटवायचा. समुद्रावर वीसेक किलोमीटर गेले आणि ती दिसली. स्वच्छ, गुळगुळीत, उगवत्या उन्हात गुलाबी झालेली. पंखा मिटवला आणि तिच्या अंगाला लागले. ग्लोरीच्या पुढच्या अंगाला हवा वर चढत असते. त्या चढणीवर नाक टेकवून कितीही वेळ घसरत राहता येतं, इंजिनाचा आवाज नाही की काही नाही. मागच्या अंगाला हवा खाली कोसळते, म्हणून मागे जायचं नाही. नियम एवढाच.

त्या दिवशी बाकीच्यांची ग्लायडर अजून खालीच होती. मी एकटीच ढगाच्या लांबीने इकडून तिकडे घसरत होते. ढगाबरोबर किनारा ओलांडून आत आले. दक्षिणेकडे आभाळ तपकिरी दिसत होतं. ऑक्टोबरात दक्षिणेला कोणी ना कोणी गवत जाळतच असतं, म्हणून मी तिकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. आग्नेयेकडे तोंड करून निघाले होते. सूर्य समोरच डोळ्यांवर येत होता.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. कोणीतरी नुसता श्वास घेत होतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

"जॉस." मर्लचा आवाज मला पहिल्यांदा ओळखूच आला नाही. "जॉस, उजवीकडे. तुझ्या उजवीकडे. नाही, तिकडे नको बघू, पुढेच बघ, पण तिकडे आहे."

"काय आहे?"

"धूर नाहीये तो. धुराला असा काठ नसतो. इस्त्री केल्यासारखा सरळ काठ आहे, जॉस. दक्षिणेकडून येतेय. दुसरी येतेय."

मी मान वळवली. तपकिरी धुराच्या पोटातून करड्या रंगाची दुसरी वळकटी बाहेर आली होती. माझ्यापेक्षा उंच, आणि इतकी जवळ की तिच्या अंगावरच्या सुरकुत्या दिसत होत्या. मी दोघींच्या मध्ये होते.

माईक दाबून मी म्हणाले, "बघितली. मर्ल, पूर्वेला काय दिसतंय?" उत्तर आलं नाही, कारण ती बोलतच होती. परत विचारलं. ती बोलतच राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की घाबरून तिने माईकचं बटण पहिल्या श्वासापासूनच घट्ट दाबून धरलंय. बटण दाबलेलं असेपर्यंत बोलता येतं, ऐकता येत नाही. बटण सोडायचं असतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलं नव्हतं. मी तिचा शब्द न् शब्द ऐकू शकत होते आणि तिला एक अक्षरही सांगू शकत नव्हते. पबच्या काउंटरवर नेव्हचा रेडिओ चालू होता, त्यालाही मी काही सांगू शकत नव्हते. कोणालाच नाही.

मी पंखा वर काढला आणि इंजिनाची किल्ली फिरवली. घरघरलं, सुरू झालं नाही. पुन्हा फिरवली. ओल गेली होती की काय कोण जाणे. तिसऱ्यांदा फिरवताना माझा हात किल्लीवरून निसटला, आणि मी हाताकडे बघितलं तर तो थरथरत होता. माझा हात. मला आधी वाटलं, विमानच थरथरतंय.

मग हवेने मला उचललं. दोन्हीकडच्या चढणी मध्ये येऊन एक झाल्या होत्या. मी लिफ्टमध्ये उभी असल्यासारखी वर गेले, कपाळ वरच्या काचेवर आपटलं, आणि सगळीकडे पांढरं झालं. ढगात शिरले होते. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. ढगात माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय, आणि आपण गोल फिरत जमिनीकडे जात असतो. असं गेलेली दोन माणसं माझ्या ओळखीची होती.

माझी बोबडी वळली. याला दुसरा शब्द नाही. बावन्न वर्षांत मी भीती वाटून घ्यायला शिकलेच नव्हते. भीती वाटल्यावर काय करायचं असतं, हात कुठे ठेवायचे, श्वास कसा घ्यायचा, काहीच माहीत नव्हतं. मी आईला हाक मारली. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

आणि कानात मर्ल बोलत होती.

"तू दिसत नाहीयेस मला. आत गेलीस ना? ऐकतेयस का? ऐकत नसशील तरी मी बोलते. हे बघ, दोन्ही ढग पूर्वेकडून मिळत चाललेत. चेन लावल्यासारखे. चेन पूर्वेकडून लागत येतेय, जॉस, पश्चिमेची बाजू अजून उघडी आहे. तू सूर्याकडे चालली होतीस. तिकडे नको जाऊस. सूर्याला पाठ दाखव. उजेड मानेवर यायला हवा. तुझे हात थरथरत असतील. थरथरू दे. माझे रोज थरथरतात. थरथरत्या हातांनी चादरी वाळत घालता येतात. सावकाश करायचं फक्त. एक चिमटा, मग दुसरा चिमटा."

मी समोर बघितलं. पांढऱ्यातही एका बाजूला जास्त पांढरं होतं. थरथरत्या हातांनी विमान वळवायचा दांडा अगदी थोडा कलता केला. एक चिमटा. जास्त उजेड डोळ्यांसमोरून कानाशी आला. थांबले. दुसरा चिमटा. उजेड मानेमागे गेला. उंचीचा काटा भराभर खाली येत होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं.

"विंडमिलच्या वर अजून निळं आहे," मर्ल सांगत होती. "हाताएवढं निळं. विंडमिलकडे ये. मला खूप भीती वाटतेय, जॉस. मला गाडीत जाऊन बसावंसं वाटतंय, पण आत बसलं तर टपामुळे ढग दिसत नाहीत. म्हणून मी बाहेरच उभी आहे. मी कुठे जात नाहीये. निळं आता बशीएवढं झालं. लवकर कर, पण घाई नको करूस."

मी ढगाच्या पोटातून बाहेर पडले तेव्हा खाली तिवरांची काळी रांग होती, इतकी जवळ की तिच्यातले पांढरे बगळे मोजता आले असते. त्यांच्या पलीकडे खारा माळ. चाक टेकलं, पापुद्रा फुटला, चाक चिखलात रुतलं आणि विमान नाकावर आपटून तिथेच थांबलं. मी पट्टे सोडले नाहीत. ती बोलत असलेलं ऐकत राहिले. मी अजून आभाळातच आहे असं समजून ती मला वळायला सांगत होती. माईक दाबून मी म्हणाले, "उतरले मी, मर्ल. उतरले." तिला ते ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी मी तीनदा म्हणाले.

मग खाली उतरून चालायला लागले. दोन ढगांनी मिळून माळावरचं मीठ आणि धूळ उडवली होती, वर ढग दिसत होते, पण जमिनीलगत शंभर पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गाडी कुठे असेल ते अंदाजानेच धरलं. दर थोड्या पावलांवर मी मागे वळून बघत होते. का ते मला सांगता येणार नाही.

वीसेक मिनिटांनी तिच्या हिरव्या गाडीची मागची बाजू दिसली. मर्ल उघड्या दाराशी माझ्याकडे पाठ करून उभी होती. माईकची वेटोळ्यांची वायर ताणून सरळ झाली होती. आवाज पार बसला होता. नेव्हच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे ती तोवर पस्तीस मिनिटं न थांबता बोलली होती. आता ती मला वळायला सांगत नव्हती. सांगण्यासारख्या दिशा संपल्या असाव्यात. ती मला ढग सांगत होती.

"...आणि आता खालून सड लोंबायला लागलेत, जॉस. ओळीने. पलीकडे पार नदीपर्यंत. त्यांच्या मधून गुलाबी उजेड येतोय. असं मी कधी बघितलं नाही, कोणीच बघितलं नसेल. तू वरून बघत असशील. वरून कसं दिसतं ते मला सांग हं. आल्यावर सांग. मी विचारणार आहे. आता डावीकडचा काठ सुटतोय, उसवल्यासारखा..."

कॅमेरा तिच्या गळ्यात होता. भिंगावरचं झाकण काढलेलंही नव्हतं.

मागून हाक मारली असती तर ती दचकली असती, म्हणून मी लांबून वळसा घालून तिच्या समोर गेले. ती बोलता बोलता थांबली. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. हात पुढे करून माझ्या दंडाला बोट लावून बघितलं.

"कपाळातून रक्त येतंय तुझ्या," ती म्हणाली.

"बटण सोड, मर्ल."

"हं?"

"बटण. तू दाबून धरलंयस. तिकडे कोणालाच बोलता येत नाहीये."

तिने माईककडे बघितलं. बोटं उघडेनात. माझीही थरथर थांबली नव्हती, त्यामुळे तिचं एकेक बोट सोडवायला आम्हा दोघींना वेळ लागला. शेवटचं बोट सुटलं आणि रेडिओतून नेव्हचा आवाज आला. मागे खुर्च्या सरकल्याचे आणि पुष्कळ माणसांचे आवाज होते. नेव्ह रडत होता हे मला आधी कळलंच नाही.

"मर्ल, आम्ही सगळे इथेच आहोत. सगळं ऐकलं आम्ही. जॉस कुठाय? मर्ल, सांग ना, जॉस आली का?"

मर्लने माईक हातात चटका बसल्यासारखा माझ्याकडे ढकलला आणि दोन पावलं मागे सरकली.

"तू सांग," ती म्हणाली. "मला यावर बोलायची भीती वाटते."